तीनवर अठरा, सहावर चोवीस

ये, इथे पायरीवर बस. ताट झाकून ठेवलंय, जेवण काही पळून जात नाही. आधी पिशवीत लपवलेला तो जॉब काढ. काढ गं, तीन दिवस तुझा चेहरा बघतेय, मला काय कळत नाही?

हं. लेथवर हँडलचा गोळा करायला दिला होता आणि झालंय अंडं. सरांनी खडूची फुली मात्र नेमकी मारलीय, मानेजवळ जिथं लांबलंय तिथंच. राग येऊ दे, पण फुली बरोबर आहे. माझा पहिला गोळा तर पेरूसारखा झाला होता. बाबांनी तो फेकू दिला नाही. कित्येक वर्षं आपल्याकडे विजेच्या बिलांवर वजन म्हणून तोच होता. तू लहानपणी त्याच्याशी खेळायचीस, तुला ते खेळणंच वाटायचं.

आता सांग, मानेची खाच टोकापासून किती मिलिमीटरवर घेतलीस? तीसवर. वाटलंच मला. गोळा तीसचा, म्हणून लांबी तीस. ऐकायला बरोबर वाटतं. पण गोळा मानेला चिकटलाय नं! अठराची मान गोळ्याच्या पाठीला भिडते आणि तेवढा काप गोळ्यातून उडतो. लिंबाची देठाकडची चकती उडवली की लिंबू लांबीला कमी भरतं, तसंच.

किती कमी, ते गवंडी सांगेल तुला. इथं बोरसीत आपलं घर बांधलं तेव्हा पाया आखला तो दोरीनंच. तीन फूट, चार फूट, पाच फूट, झाला काटकोन. त्याची तिप्पट कर. ९, १२, १५. पंधरा ही गोळ्याची त्रिज्या, नऊ ही मानेची त्रिज्या, आणि उरलेले बारा म्हणजे गोळ्याच्या मध्यापासून मानेपर्यंतचं अंतर. टोकापासून मध्यापर्यंत पंधरा, पुढे बारा. सत्तावीस झाले. तू घेतलेस तीस. ते वरचे तीन मिलिमीटर कुठंतरी जिरवायला हवे होते, तू ते मागच्या अर्ध्यात जिरवलेस. तुझ्या हाताला उगाच दोष देतेयस. मशीन चालू करायच्या आधीच जॉब गेला होता.

म्हणून पहिली गोष्ट, वही. लेथपाशी जायच्या आधी वहीत आकडे हवेत. टोकापासून किती अंतरावर व्यास किती हवा, हे काढायला काही मोठं गणित लागत नाही. अंतर घे, ते तीसमधून वजा कर, दोन्ही गुण, वर्गमूळ काढ, दुप्पट कर. तीन मिलिमीटरवर? तीन गुणिले सत्तावीस, एक्याऐंशी. वर्गमूळ नऊ, दुप्पट अठरा. सहावर? सहा गुणिले चोवीस, एकशे चव्वेचाळीस. बारा, दुप्पट चोवीस. तीनवर अठरा, सहावर चोवीस. पाढ्यासारखं पाठ कर, तीसच्या गोळ्याला जन्मभर पुरेल. मागून मोजलंस तरी तेच. चोवीसवर चोवीस आणि सत्तावीसवर अठरा. तीच तुझी मान.

आता या आकड्यांच्या पायऱ्या पाडायच्या. टोकापासून सहा मिलिमीटर लांबीपर्यंत व्यास चोवीसला आण, मग तीन मिलिमीटर लांबीपर्यंत अठराला. दर वेळी अर्धा मिलिमीटर जास्त ठेव, शेवटच्या हातासाठी. पायरीचा आतला कोपरा गोळ्याला टेकतो आणि बाहेरचा कोपरा उडवायचा असतो, एवढं ध्यानात ठेव. वर्गातल्या निम्म्या पोरांचं इथंच उलटं होतं. ते तीन ते सहाच्या मधली पायरीसुद्धा अठरालाच कापतात. मग गोळ्याच्या अंगातलंच लोखंड गेलेलं असतं, आणि गेलेलं लोखंड काही परत लावता येत नाही. आणि हो, मध्यावर पंधराला जी बारीक रेघ ओढशील, ती शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. ती रेघ दिसतेय तोवर तुझा तीसचा व्यास शाबूत.

पायऱ्या झाल्या की दोन हातांचा खेळ. इथं मला तुझ्याशी जरा निवांत बोलायचंय, कारण हे कोणी शिकवत नाही, सगळे नुसतं ‘सवयीनं येतं’ म्हणतात. सवयीनं येतं, पण काय यायला हवं ते आधी कळलं तर लवकर येतं. एक मिलिमीटरवरचा व्यास काढ बघू. एकोणतीसचं वर्गमूळ पाच पूर्णांक चार, दुप्पट जवळजवळ पावणेअकरा. म्हणजे पहिल्या एका मिलिमीटरात व्यास शून्यावरून पावणेअकरावर जातो! आणि दहापासून पंधरापर्यंतच्या पाच मिलिमीटरांत? दहावर सव्वाअठ्ठावीस, पंधरावर तीस. पाच मिलिमीटर चाललीस आणि व्यास वाढला पावणेदोन. म्हणून टोकापाशी क्रॉस स्लाइडचा हात पळायला हवा आणि लांबीचा हात रांगायला हवा. मध्याकडे येताना उलट. दोन्ही हात एकाच वेगानं फिरवलेस तर गोळा होत नाही, शंकू होतो. पेटी वाजवणाऱ्याला बघ, एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, दोघांची चाल निराळी आणि सूर एक. तू लहानपणी दोन वर्षं पेटी शिकलीस ती वाया गेली म्हणून आई अजून हळहळते. गेली नाही वाया, ती इथं कामाला येईल.

मशीन बंद ठेवून कर आधी. खरंच. चकमध्ये जॉब लाव, टूल जॉबपासून दोन मिलिमीटर लांब ठेव आणि हवेतच गोळा काढ. वीसदा. बाहेरच्या आपल्या शेडमध्ये येणारी पोरं हसतील, हसू देत.

शेवटचा हात फायलीनं द्यायचा असेल तर फाइलची मूठ डाव्या हातात धर. उजव्यानं धरलीस तर कोपर फिरत्या चकवरून जातं. पहिले आठ दिवस अवघडल्यासारखं होईल. एक जुनी युक्तीही सांगते, पोलादी पाइपचा तुकडा घे, गोळ्यापेक्षा लहान व्यासाचा, त्याची आतली कड धारदार करून कडक कर आणि फिरत्या गोळ्यावर टेकवून हळूहळू चहूकडे डोलव. गोळा कुठूनही कापला तरी काप गोलच निघतो नं, म्हणून पाइपची गोल कड उंचवटे बरोबर शोधून खरवडते. याला गेज लागत नाही, पण गोळा आधीच बऱ्यापैकी गोल असावा लागतो. अंड्यावर केलंस तर गुळगुळीत अंडं मिळेल.

तू म्हणशील, ताई, एवढं कशाला? आकाराचंच टूल घासून घ्यायचं आणि सरळ घुसवायचं. लहान आकाराला ठीक आहे. चार-पाच मिलिमीटरची गोलाई, बारीक खाच, तिथं मीही फॉर्म टूलच लावते. पण टूल रुंद झालं की सगळी धार एकदम लोखंडात घुसते, आणि मग मशीन रडायला लागतं. जॉबवर त्या लाटा उठतात, सगळ्या शेडला ऐकू जातं की इथं कोणीतरी घाई केलीय. तीसच्या साध्या पोलादाला नेहमी तीनशेच्या आसपास फेरे देतेस, फॉर्म टूलला शंभर-दीडशेवर ये. कूलंट सोड. टूल पोस्टच्या बाहेर कमीत कमी काढ. आणि टूलची वरची बाजू सपाट ठेव, उतार देऊ नकोस. उतार दिलास तर टूलवर घासलेला आकार एक आणि जॉबवर उमटलेला दुसरा. टूलची धार मध्यरेषेच्या खाली राहिली तरी आकार फसवतो. जुने कारागीर हंसाच्या मानेसारखा वाकडा होल्डर वापरायचे. जोर आला की तो टूलला जॉबपासून मागे झुकवतो, आत खेचू देत नाही. आपल्या शेडमध्ये एक पडलाय, उद्या दाखवते.

आपल्या शेडमधलं लेथ हरिहरचं आहे, मैसूर किर्लोस्करचं. ती कंपनी १९४१ ची. त्याच घराण्याच्या छापखान्यातून १९३० पासून ‘स्त्री’ मासिक निघायचं, आणि आजी ते जुने अंक ट्रंकेत जपून ठेवायची. आजीला लेथ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण नाकीडोळी रेखीव मुलगी दिसली की ती ‘कातीव’ म्हणायची. कातारी लाकूड कातायचे, त्यांच्या कामावरून आलेला शब्द. पाळण्याचे खुंट, देव्हाऱ्याचे खांब, पोळपाटाचं लाटणं, सगळं त्यांनी कातलेलं. इथली पोरं फिरवतात तो भौंराही त्यातलाच. तू आज करतेयस ते त्याच घरातलं काम, फक्त लोखंडाचं. आणि लाटण्यावरून आठवलं, बाबांचं काम नेमकं काय होतं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही कोणी. तू लहान होतीस, त्यांच्या डब्याशी आणि सायकलीशी तेवढी तुझी ओळख.

बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये रोल टर्निंगला होते. आता रेल्वेचा रूळ डोळ्यांपुढे आण. वर जाड डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली रुंद तळवा. हा आकार कोणी कातत नाही, तो लाटतात. लालभडक पोलाद दोन अजस्र लाटण्यांमधून पुन्हापुन्हा काढतात, दर वेळी निराळ्या खाचेतून, आणि शेवटच्या खाचेतून बाहेर पडतो तो रूळ. पापडाचं रेघांचं लाटणं आहे नं आपल्याकडे? रेघा लाटण्यावर असतात, उमटतात पापडावर. तसंच. मग त्या लोखंडी लाटण्यांवरच्या खाचा कोण पाडतं? टर्नर. बाबा. रूळ लाटलेला, पण त्याचं लाटणं कातलेलं.

भिलाईच्या प्लांटचा करार सोव्हिएत रशियाशी झाला १९५५ मध्ये, पहिली झोतभट्टी पेटली १९५९ मध्ये, आणि १९६० पासून इथं रूळ निघतात. आता नव्या मिलमध्ये १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो, आणि दोन जोडून २६० मीटरची पट्टी रेल्वेला जाते. देशभरातल्या लोहमार्गांवर इथलं पोलाद पसरलंय. ६० किलोचा रूळ म्हणतात, मीटरला ६० किलो म्हणून. त्याची उंची १७२ मिलिमीटर, तळवा १५० रुंद, डोकं ७२, कंबर साडेसोळा. एके दिवशी मी बाबांना विचारलं, म्हणजे खाचही १७२ चीच कातायची नं? बाबा हसले. म्हणाले, आईला विचार, पुरी कढईत केवढी असते आणि ताटात केवढी होते. पोलाद शेवटच्या खाचेतून निघतं तेव्हा नऊशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं. थंड होताना ते शंभराला सव्वाच्या हिशेबानं आकसतं. १७२ ला दोन मिलिमीटरांच्या वर झाले. म्हणजे खाच तेवढी मोठी कातायची, उद्या थंड झाल्यावर जो रूळ होणार आहे त्याचा आज तापलेला आकार. शिवाय डोकं जाड आणि तळवा पातळ, दोन्ही सारखे थंड होत नाहीत, म्हणून रूळ निवताना वाकतो आणि नंतर सरळ करावा लागतो. खाचा लाटून लाटून झिजतात. मग रोल पुन्हा लेथवर चढवायचा, सगळा आकार पुन्हा कातायचा, दर वेळी रोल थोडा बारीक होतो, आणि एक दिवस भंगारात जातो.

घरी आल्यावर बाबांचे डोळे लाल असायचे. आई म्हणायची, धुरानं. धूर नव्हता तो. टेम्प्लेट होती.

टेम्प्लेटचं सांगते, कारण तुझ्या पिशवीत मला ती दिसली नाही. दीडेक मिलिमीटरच्या पत्र्यावर अर्ध्या गोळ्याचा आकार काढून घास, रेडियस गेजला लावून नीट जमव. मग मशीन थांबव, जॉब पुसून घे, टेम्प्लेट जॉबवर ठेव आणि मागून उजेड येऊ दे. जिथं उजेडाची फट दिसते तिथं लोखंड कमी, जिथं काळं टेकतं तिथं जास्त. बारीकशी फटसुद्धा उजेड सांगतो, व्हर्नियर काढायच्या आधी. फक्त टेम्प्लेट जॉबच्या मध्यरेषेवर धर. जरा वर किंवा खाली सरकली तर ती खोटं बोलते आणि तू चांगल्या जॉबवर पुन्हा टूल घालशील. बाबा दिवसभर ती फटच बघायचे. एकदा मी म्हटलं, साहेब पास करतील की, तुम्ही कशाला एवढं वाकून बघता? तर म्हणाले, साहेबाला फट दिसेपर्यंत मला दिसून गेलेली असली पाहिजे.

असाच नेमका कातलेला आकार बघायचा तर दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत असशील तेव्हा एकदा चाकाकडे बघ. ते सपाट नसतं. वीसला एक असा उतार असतो त्याला, आणि आतल्या बाजूला कडा. त्या उतारामुळे गाडी आपोआप रुळांच्या मध्ये यायला बघते. रूळसुद्धा त्याच वीसला एकनं आत कललेला बसवतात. नव्या चाकाची कडा साडेअठ्ठावीस मिलिमीटर उंच, झिजत झिजत पस्तीसला पोचली की चाक लेथवर. म्हणजे कडा वाढत नाही, चाकाचं चालायचं अंग झिजतं म्हणून कडा उंच दिसते. मला हे कळलं तेव्हा मी गाडी सुटेपर्यंत खाली वाकून बघत बसले होते, एका काकांनी विचारलं, बेटी, कुछ गिर गया क्या?

आता ज्यासाठी तुला खरं बाहेर बोलावलं ते. आई आत आहे तोवर बोलून घेते.

ओढणी घेऊन लेथपाशी जाऊ नकोस. पिन लावलेली ओढणीही नको. वेणी टोपीच्या आत, नुसती मागे टाकलेली नव्हे. बांगड्या, दोरा, अंगठी काहीच नको. हातमोजे तर मुळीच नाहीत, लोकांना वाटतं मोजे म्हणजे संरक्षण, पण फिरत्या जॉबनं मोजा धरला की हात मोज्यासकट जातो. कीस हातानं ओढू नकोस, आकडा वापर. आणि चकची किल्ली चकमध्ये विसरू नकोस. मी विसरले होते. एका शेडमध्ये नोकरीला होते तेव्हा, चहा पिऊन आले, बटण दाबलं, किल्ली कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्यात घुसली. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ दिलं नसतं. तुला आज पहिल्यांदा सांगतेय, आईपाशी बोलू नकोस.

त्याच शेडमध्ये मला पहिले सहा महिने फक्त मोजायला आणि पॅकिंगला बसवलं होतं. मालक वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच वाटायचं की मुलीला लेथ झेपणार नाही. कायद्यालाही तसंच वाटायचं बघ. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात बाविसावं कलम होतं. चालू मशीनजवळ जाऊन तपासणी करायची तर ती तंग कपडे घातलेल्या प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानंच. बायकांनी चालत्या यंत्राचा भाग साफ करायचा नाही, तेलही घालायचं नाही. हेतू काळजीचा असेल, पण त्या कलमाचा आधार घेऊन कित्येक जणींना लेथपासून लांब ठेवता आलं. तंग कपड्यांची अट मला पटते. पुरुषाची नाही. मी रोज दुपारच्या सुट्टीत एक टाकाऊ तुकडा लावून गोळे काढायचे. सहाव्या महिन्यात एक कारागीर गावी गेला आणि पुलीच्या खाचांचा जॉब अडला, तेव्हा मालकानंच विचारलं, करशील का?

तळहाताच्या रेघांत काळं बसेल, ते जात नाही. कामाआधी खोबरेल चोळ म्हणजे कमी बसेल, कूलंटनं खाजही कमी सुटेल. मला बघायला आलेल्या पहिल्या घरच्यांनी माझ्या हातांकडेच पाहिलं होतं. चहाचा कप देताना दिसतातच नं हात. त्यांचा निरोप नंतर आला नाही. आई आठ दिवस बोलली नाही. बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी त्यांची रेडियस गेजची पानं मला आणून दिली, न बोलता. तुझ्या टेम्प्लेटला उद्या तीच वापरू.

सीएनसी शिकणारच आहेस तू, शिकच. जी-०२, जी-०३ लिहिलं की गोलाई आपोआप निघते. पण तिथंही टूलच्या नाकाची गोलाई ध्यानात घेतली नाहीस, जी-४१, जी-४२ विसरलीस, तर व्यास बरोबर येतात आणि वळण चुकतं. मग स्क्रीन सांगते सगळं ठीक, आणि टेम्प्लेटखालून उजेड दिसतो. तो उजेड ओळखायला हाताचा एक तरी गोळा काढलेला असावा, असं माझं मत आहे. तुझे सर कदाचित मानणार नाहीत.

चल, आता जेव. फरे गरम करून देते. उद्या रविवार, शेड बंद, हसायला कोणी नाही. बत्तीसच्या सळीचा शंभर मिलिमीटरचा तुकडा मी कापून ठेवलाय. सकाळी साडेसातला ये, वही घेऊन, वेणी टोपीत घालून. आणि ते अंडं फेकू नकोस, या महिन्याचं विजेचं बिल आलंय.